जास्तीचा ठोका

मी एक जुनी गिटार आहे. अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात, एल्झी स्टिडम नावाच्या खाणकामगाराने मला घडवलं. वादळात आडव्या झालेल्या अक्रोडाच्या झाडातून त्याने माझी पाठ कापली. कोळशाच्या खाणीतून आल्यावर तो रोज थोडंथोडं काम करायचा, म्हणून मला पूर्ण व्हायला दोन हिवाळे लागले.

एल्झी स्वतः गाणी रचायचा, पण लिहून ठेवायचा नाही. व्हर्लीन आणि आयना या त्याच्या दोन लेकी ऐकूनऐकून ती शिकल्या. रविवारी चर्चमध्ये लोक म्हणायचे, "एल्झीची गिटार बोलते!" मला फार बरं वाटायचं.

एल्झी गेला. पुढे बऱ्याच वर्षांनी आयनाही गेली. व्हर्लीनने मला पेटीत घातलं आणि पलंगाखाली सारलं. मित्रांनो, तिथे मी अकरा वर्षं होते. तारा गंजल्या. एका कोळ्याने माझ्या पोटात घर केलं. त्याचाही मला राग आला नाही, कारण दुसरं कोणी येतच नव्हतं.

मग एका वसंतात व्हर्लीनने पेटी उघडली. गावच्या अग्निशमन केंद्रात दर गुरुवारी ब्लूग्रासचे, म्हणजे त्या डोंगराकडच्या लोकसंगीताचे, नवशिके जमत. तिने मला नव्या तारा घातल्या आणि तिकडे नेलं. तिने तीस वर्षं शाळेची बस चालवलेली, त्यामुळे महिन्याभरात सगळा गट तिच्या ताब्यात आला. सात जण होते आणि येत होती पाच गाणी. दर गुरुवारी तीच पाच.

एका गुरुवारी तिने न सांगता वडिलांचं गाणं सुरू केलं. अशा बैठकीत नवशिके गिटारवाल्याच्या डाव्या हाताकडे बघत वाजवतात. सगळ्यांचे डोळे माझ्यावर खिळले. पण त्या गाण्यात प्रत्येक कडव्याच्या तिसऱ्या ओळीला एल्झीने एक ठोका जास्त ठेवला होता. तिथे सगळेच घसरले. शेवटी आम्ही दोघीच वाजवत राहिलो.

"अगं व्हर्लीन," बँजोवाला डॉयल म्हणाला, "हे गाणं आहे की जिन्याची मोडकी पायरी?" तो शाळेत तिच्याच वर्गात होता, त्यामुळे तिची भीड बाळगत नसे.

फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवणारी ट्रेसा हळूच म्हणाली, "मावशी, तो ठोका काढून टाक ना. कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल," व्हर्लीन म्हणाली.

घरी येऊन तिने तो ठोका गाळून वाजवून पाहिलं. ऐकायला वाईट नव्हतं, सोपंही होतं. ती बराच वेळ तसंच वाजवत राहिली. मग तिने माझ्या तारांवर हात ठेवून त्या गप्प केल्या. "आयना होती तोवर हे दोघींना येत होतं," ती म्हणाली. "आता मला एकटीलाच येतं."

पुढच्या गुरुवारी तिने सगळ्यांना वाद्यं खाली ठेवायला लावली आणि गाणं म्हणत बंबाभोवती चालायला सांगितलं. जास्तीचा ठोका आला की जागीच एक पाऊल आपटायचं.

"मी बँजो शिकायला आलोय, कवायतीला नाही," डॉयल कुरकुरला.

"गुडघे दुखतात का रे?"

"गुडघे नाही, डोकं दुखतंय!"

"मग चाल. डोक्याला चालावं लागत नाही."

आता ती पट्टी आधी सांगायची. कॉर्ड, म्हणजे डाव्या हाताची पकड, कधी बदलायची ते मोठ्याने ओरडायची. एका बैठकीत ते गाणं फक्त दोनदा घ्यायची आणि मध्ये ओळखीचं एखादं, म्हणजे लोकांचा जीव थाऱ्यावर येई. तरी दोघांनी येणं सोडलं. परतताना तिने गाडीत डोळे पुसले ते मला कळलं, कारण नाक ओढल्याचा आवाज पेटीतही येतो. पण पुढच्या गुरुवारी खुर्च्या मांडताना ती म्हणाली, "पाच जण पुष्कळ झाले."

पानं गळायला लागली तेव्हा एकदा सगळं गाणं सलग झालं. तिसऱ्या ओळीला पाचही पाय एकदम आपटले. ट्रेसाने घरून आणलेला मक्याचा पाव तसाच झाकलेला राहिला. मग डॉयलने घसा खाकरला.

"आज माझंही एक घेऊ या. आजी लोणी घुसळताना म्हणायची. माझ्याशिवाय कोणाला येत नाही."

त्याने सुरू केलं. व्हर्लीनची बोटं माझ्यावर चाचपडली, चुकली, पुन्हा चुकली. एल्झी गेल्यापासून मीही इतकं अनोळखी काही वाजवलं नव्हतं.

"चुकू दे," डॉयल म्हणाला. "परत घेऊ. मला घाई नाही."

व्हर्लीनने खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणीतरी काम करताना काहीतरी गुणगुणत असेल. ते गाणं आजच मागून घ्या. चुकत म्हणा, पण म्हणा. आणि कपाटावर एखादं वाद्य पडून असेल, तर ते खाली काढा. आम्ही तुमच्या चुकांना हसत नाही. आम्हाला फक्त वाजायचं असतं.