कोलनच्या अलीकडचं नाव

ऑफिसच्या ग्रुपवर आपली टिंगल चालते, असं साहेबांच्या कानावर आलं. त्यांनी प्रोग्रामरबाईला बोलावलं. "सगळ्या गप्पांची फाइल घ्या. कोण काय बरळतं ते माणसागणिक वेगळं काढून द्या."

काम सोपं होतं. साधी मजकुराची फाइल. आधी वेळ, मग नाव, मग कोलन, मग बोलणं. तिने प्रोग्रामला सांगितलं, एकेक ओळ वाच, वेळेचे आकडे सोड, कोलन शोध. अलीकडचं ते नाव, पलीकडचं ते बोलणं. ओळीला वेळ आहे की नाही, ते बघायची गरज तिला वाटली नाही.

मौनीबाबाच्या नावावर एकच वाक्य निघालं : "साहेबांच्या डोक्यात नुसता भुसा."

मौनीबाबा म्हणजे स्टोअर सांभाळणारे वयस्कर गृहस्थ. हो-नाही एवढंही मानेनेच सांगायचे. साहेबांनी त्यांना सगळ्यांसमोर उभं केलं आणि ते वाक्य वाचायला लावलं.

"मोठ्याने! लिहिताना बरं तोंड फुटलं!"

ते अडखळत पुन्हा पुन्हा वाचत राहिले. लोक तोंडावर हात धरून हसले. तिथेच नोकरीला असलेला प्रोग्रामरबाईचा दीरही हसला. मग साहेबांनी त्यांना कामावरून काढून टाकलं.

संध्याकाळी तिने सहज मूळ फाइल उघडली. त्या ओळीच्या आधी वेळच नव्हती. वरचा निरोप दिराचा होता : "आज मौनीबाबा बोलले, ऐका." आणि खाली, त्याच निरोपात, नाटकातल्यासारखं नाव, कोलन आणि ते वाक्य.

घरी तिने विचारलं, "भावजी, ते तुम्ही लिहिलं होतंत?"

"अहो वहिनी, गंमत होती ती. त्यांच्या तोंडी घातलं की जास्त हसू येतं."

सासूबाई भाजी निवडत होत्या. "आपलं पोर वाचलं ना? मग कशाला उकरून काढतेस?" नवऱ्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी मौनीबाबा स्टोअरच्या किल्ल्या द्यायला आले. तिच्या टेबलाशी थांबले.

"ताई, मी नाही हो लिहिलं. एकदा फाइल बघाल?"

"बघितली."

"मग?"

दीर पलीकडेच बसला होता. मान खाली घालून काहीतरी टाइप करत होता.

"तुमचंच नाव आहे."

त्यांनी किल्ल्या तिच्या टेबलावर ठेवल्या. "हल्ली विसरायला होतं खरं," ते म्हणाले. "तुम्ही बघितलंय म्हणजे... मीच लिहिलं असेल."

तेवढ्यावर गेले असते तरी चाललं असतं. पण ते साहेबांच्या केबिनमध्ये गेले. काचेतून तिला दिसलं, न केलेल्या गुन्ह्यासाठी ते हात जोडत होते. साहेब फोनवर होते; त्यांनी बोटानेच दार दाखवलं.

तिने प्रोग्राम दुरुस्त केला : ज्या ओळीला वेळ नाही, ती वरच्याच माणसाची. पुन्हा चालवला. आता वाक्य बरोबर दिराच्या नावावर पडलं. तिने ते पुसून टाकलं आणि प्रोग्रामला साहेबांनी पाठवलेली दुसऱ्या शाखेच्या गप्पांची फाइल वाचायला लावली.