उमाबाईंचे दोन हात

कंपनीचा मेल वाचला आणि माझं डोकंच फिरलं. "एकच कोड दोनदा टाकला आहे. दुसरा दुबार समजून वगळला."

अरे, दुबार कसला? माणसाला हात दोन असतात! दोन्ही हातांचं ऑपरेशन एकच, मग कोड एकच येणार ना? लातूरच्या या दवाखान्यात इन्शुरन्सच्या टेबलावर मला बारा वर्षं झाली. कंपन्यांचे लई नखरे बघितले, पण या खेपेला मी शब्द देऊन बसले होते.

उदगीरच्या उमाबाई कडक भाकऱ्या करून विकतात. थापून थापून दोन्ही मनगटांतली नस दबली, बोटं बधिर पडायला लागली. त्या म्हणाल्या होत्या, "एकच हात करू. दुसऱ्याचं पैसं भरायची आमची ऐपत न्हाई." मीच शहाणी! "मावशी, एकाच दिवशी दोन्ही करून घ्या. कंपनी पहिल्याचे पूर्ण देते, दुसऱ्याचे निम्मे, आणि तेवढ्यात आपलं भागतं. तुमचा एक रुपया जाणार नाही," असं छातीठोक सांगून बसले.

आता सुट्टी व्हायची वेळ आणि त्यांचे मालक नागप्पा माझ्यासमोर उभे. "ताई, अठरा हजार आणू कुठून? तुम्हीच म्हणला होता ना?"

मी कंपनीत श्रीशैलला फोन लावला. आमच्या फायली तोच बघतो.

"अहो, दोन्ही हातांना पट्ट्या आहेत. फोटो पाठवू का?"

"मॅडम, पट्टी कुणीही बांधेल. डॉक्टरांच्या नोटमध्ये हाताचा उल्लेखच नाही."

खरंच नव्हता. साहेबांनी घाईत एक ओळ खरडली होती: नस मोकळी केली. कोणत्या हाताची, देव जाणे! ते नांदेडला ऑपरेशनं करायला गेले होते. फोनवर म्हणाले, आत्ता लिहून पाठवतो. तेही श्रीशैलला चालेना. "नंतरचं नको. त्या वेळचाच कागद द्या, पाचच्या आत."

साडेतीन वाजलेले. मी फाईलचं पान न् पान उलटलं. संमतीचा कागद होता, पण संमती दिली म्हणजे ऑपरेशन झालं असं थोडंच आहे! शेवटी महामाया सिस्टरचा कागद हाती आला. ही बाई ऑपरेशनच्या खोलीतलं सगळं लिहिते, पेशंट शिंकला तरी लिहिते. मी तिला किती चिडवलंय त्यावरून!

तिनं काल ऑपरेशनच्या वेळी लिहिलं होतं: "१०.४०. पेशंट लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग काढायला सांगितलं, पण अंगावेगळं करायला तयार नाही. डावा हात ऑपरेशनला घेतल्यामुळे चांदीच्या डबीसह उजव्या दंडाला बांधलं. ११.१५. डाव्या हाताचं झालं. आता उजवा हात घेणार, म्हणून डबी सोडून डाव्या दंडाला बांधली. ११.५०. दोन्ही हातांना पट्टी. डबी परत गळ्यात, पेशंटला दाखवून."

चांदीची वस्तू, उद्या कुणी बोल लावू नये, म्हणून बिचारीनं वेळेसकट लिहून ठेवलं होतं. मी खुर्चीतच ओरडले, "सिस्टर, तुझ्या तोंडात साखर पडो!" नागप्पा दचकले. मी कागद पाठवला आणि घड्याळाकडं बघत बसले.

पावणेपाचला मेल आला. दुसरा हात मंजूर.

हुश्श! छातीवरचा धोंडाच उतरला. नागप्पा तोवर उमाबाईंपाशी जाऊन थांबले होते; मी वॉर्डात पळत गेले. नागप्पांनी ऐकलं आणि हात जोडले. "सुटलो बघा," एवढंच म्हणाले.

"मावशी, माफ करा. सकाळपासून तुमच्या जिवाला घोर लावला मी."

"घोर ह्यांना होता, मला न्हाई," उमाबाई म्हणाल्या. "मला काय ठावं कंपनी न् कोड? तू म्हणलीस, म्हणून म्या दुसरा हात पुढं केला, माय."

मला रडूच कोसळलं. उमाबाईंनी पट्टी बांधलेला हात तसाच उचलला आणि माझे डोळे पुसायला लागल्या.