धूर दाखव, उत्तरेश्वर

पाहुण्याला चहा पाजून वाटेला लावणं आमच्या आण्णासाहेबांना कधी जमलंच नाही. आण्णासाहेब म्हणजे गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. पाहुण्याचा चहा संपला, की ते त्याला संस्थेच्या मागच्या खोलीकडे नेत आणि लांबूनच ओरडत, "उत्तरेश्वर, धूर दाखव!"

त्या खोलीत नायट्रोजनचा डबा होता. गुडघ्याच्या वर येईल एवढा, पोटात थर्मासासारखा. जातिवंत वळूचं वीर्य बारीक कांड्यांत भरून त्यात गोठवून ठेवलेलं असे. कुणाची गाय माजावर आली, की उत्तरेश्वर त्यातली एक कांडी काढून तिला भरायचा. गाव त्याला इंजेक्शन म्हणायचं आणि उत्तरेश्वरला डाक्टर. मॅट्रिकनंतर थोडं ट्रेनिंग घेतलेला पोरगेला माणूस तो, पण आमच्याकडे सुई हातात असली की डाक्टरच.

झाकण उचललं की पांढरा धूर डब्याच्या तोंडावरून ओघळून पायाशी यायचा. हात घातला तर गार! बाहेर ऊन कातडं सोलतंय आणि इथं गार धूर! नळदुर्गचा किल्ला बघून आलेले लोकही म्हणायचे, किल्ल्यापेक्षा हे भारी. आण्णासाहेबांची छाती फुगायची.

झाकण कामापुरतंच उघडायचं, हे उत्तरेश्वरला ट्रेनिंगमध्ये बजावून सांगितलं होतं. उघडला डबा की नायट्रोजन उडून जातो. पण नोकरी आण्णासाहेबांनी लावलेली, तीही अजून कच्ची. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. उत्तरेश्वर झाकण उचलत राहिला.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात, ऐन दुष्काळात, आण्णासाहेबांच्या पुतणीचं लग्न निघालं. विहिरी कोरड्या, पण वऱ्हाड दोन ट्रक भरून आलं. आमच्याकडे अक्षता पडल्या की नवरानवरी मारुतीच्या पाया पडायला जातात. ती गेली, आणि मारुतीकडून आण्णासाहेबांनी सगळी वरात वाजतगाजत धूर बघायला आणली. झाकण निघालं ते निघालंच. नवऱ्यानं नवरीचा हात धुरात धरला, पोरांनी तोंडं घातली, व्याह्यांना कांड्या बघायच्या होत्या म्हणून कांड्यांचं भांडंही वर ओढून झालं. उत्तरेश्वर "आण्णा, बास आता" म्हणाला, पण ताशापुढे त्याचं कोण ऐकणार? आणि खरं सांगायचं तर तो फार मोठ्यानं म्हणालाही नाही.

नायट्रोजन घेऊन येणारी सोलापूरची जीप त्या आठवड्यात आलीच नाही. उत्तरेश्वरनं डब्यात मोजायची पट्टी घालून बाहेर काढली, तर तिच्या टोकाला नखाएवढाच पांढरा बर्फ धरला होता, म्हणजे तळाशी नायट्रोजन तेवढाच उरला होता. कांड्या कोरड्यात लटकत होत्या. पुढे जीप आली, डबा काठोकाठ भरला, धूर पहिल्यासारखा निघू लागला. पण एकदा मेलेली कांडी पुन्हा गार केली म्हणून जिवंत होत नाही. हे गावात एकट्या उत्तरेश्वरला माहीत होतं.

त्यानं आण्णासाहेबांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "आरं, धूर निघतोय न्हवं? मग झालं की." वर तालुक्याला कळवावं, तर नायट्रोजन का संपला ते सांगावं लागणार. चेअरमनचं नाव घ्यावं किंवा आपलं. त्यानं दोन्ही घेतली नाहीत. एखाददुसरी कांडी जिवंत असेल, अशी मनाची समजूत घातली आणि त्याच कांड्या भरत राहिला.

गाई उलटायला लागल्या. भरलेली गाय तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर यायची. लोक म्हणाले, पोटात चारा नाही तर गाय धरणार कशी? दुष्काळाचं एक बरं असतं, त्याच्या अंगावर काहीही ढकलता येतं. ज्यांची सोय होती त्यांनी वळू पाळणाऱ्या बिराप्पाकडे गुपचूप गाई नेल्या. बिराप्पाचा वळू गावठी, पण जिवंत होता.

सुमनबाई नेणार नव्हती. तिच्याकडे एकच गाय, संकरित, सरकारी योजनेतून मिळालेली. नवरा पिराजी रोजगार हमीवर खडी फोडायचा आणि ही रोज सकाळी पितळेची चरवी घेऊन संस्थेच्या रांगेत उभी राहायची. त्या रांगेत उभं राहण्याचा तिला केवढा अभिमान! गाय दुसऱ्यांदा उलटली तेव्हा शेजारच्या शांताक्कानं तिला देवऋष्याकडे जायला सांगितलं. सुमनबाई रांगेतच ठणकावून म्हणाली, "आमी देवदेवस्की सोडून तीस वरसं झाली, आक्का. आमाला डाक्टरचं इंजेक्शन हाय." आणि उत्तरेश्वरकडे बघून हसली. त्याला ते हसणं सोसेना. सकाळी रांगेचं दूध मापायचं कामही त्याच्याकडेच होतं; तो मापाच्या भांड्याकडे बघत बसला.

तिसऱ्या वेळी ती गाय घेऊन आली तेव्हा हसत नव्हती.

"डाक्टर, ह्यावेळंला नीट बघून द्या. आवंदा भाकड गाईला चारा घालायचं बळ न्हाय. आता उलटली तर बाजारात न्हेतो म्हणतेत."

उत्तरेश्वर गाईजवळ गेला. तिच्या गळ्यात, कासऱ्याच्या खाली लपवलेला काळा दोरा होता. सुमनबाईनं चटकन त्याच्यावर हात ठेवला.

"कुणाला सांगू नका, डाक्टर. ह्यास्नीबी ठावं न्हाय. विहारात जायची लाज वाटतीया मला. पर काय करू? तुमी तर सगळं करून बघितलं."

 आत्ता बोलावं, असं उत्तरेश्वरला हजारदा वाटलं. बिराप्पाकडे न्या, एवढे दोनच शब्द पुरे होते. पण मग आधी का नाही सांगितलं, हे तिनं विचारलं असतं. त्यानं डबा उघडला, एक कांडी काढली, कोमट पाण्यात धरली आणि भरली. मेलेली आहे हे माहीत असताना भरली. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही, आणि जाऊही नये.

गाय उलटली.

पुढच्या आठवड्यात सुमनबाई मोकळ्या हातानं संस्थेच्या मागच्या दाराशी आली. "सांगाया आले. काल नळदुर्गच्या बाजारात घातली गाय. तुमाला लई तरास दिला, डाक्टर. तीन इंजेक्शनं वाया घालवली तुमची. गायच वांझ निगाली, तुमी तरी काय करणार?"

ती माफी मागत होती. उत्तरेश्वरला ते ऐकवेना.

"सुमनबाई, गाय वांझ नव्हती. कांड्या मेल्या होत्या. लग्नात डबा उघडा राहिला, तवापासनंच."

तिला कळायला वेळ लागला. "तिसऱ्या टायमाला ठावं होतं तुमाला?"

"व्हय."

"गळ्यातला दोरा बघितला, तवाबी?"

"व्हय. कुणी घेतली गाय? चला, आत्ता जाऊन परत आणू."

"हायवेवरचा बाजार हाय त्यो. कुठल्या ट्रकात चढली, कुटं गेली, कोण सांगणार?" ती उंबऱ्यावरच बसली. रडली नाही. मग म्हणाली, "मला सांगून तुमचं हलकं झालं, डाक्टर. माजी गाय तर गेलीच, आन् म्या वळखीच्या मानसांत तोंड लपवून फिरले ते येगळंच. मला एकटीला सांगू नका. उद्या दुधाच्या टायमाला सगळ्यास्नी सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णासाहेब लोहाऱ्याचे दोन पाहुणे घेऊन आले. "उत्तरेश्वर, धूर दाखव!"

उत्तरेश्वर दूध मापायचं सोडून उभा राहिला.  सगळं बोलला. झाकणाचं, वरातीचं, पट्टीचं, मेलेल्या कांड्यांचं आणि आपल्या गप्प बसण्याचंही. रांगेतल्या बलभीमनं शिवी हासडली, शांताक्कानं कपाळावर हात मारला. आण्णासाहेब पाहुण्यांकडे बघून उगीच हसले आणि मग हसायचे थांबले. नोकरी आता राहत नाही, हे उत्तरेश्वरला दिसत होतं. त्याचं त्याला काही वाटलं नाही. तो रांगेत एकच तोंड शोधत होता.

रांग दूध असलेल्यांची होती. सुमनबाई तिच्यात नव्हती.