उस्तादाच्या गोळ्या मी कापल्या

मी गोळ्या कापायचा कटर बोलतोय. दचकू नका, आणि उगाच मायाही दाखवू नका. मला माणसं आवडत नाहीत. माणसांनाही मी आवडत नाही, तेव्हा फिटंफाट.

तळहातावर मावेल एवढी प्लॅस्टिकची डबी, झाकणात एक पातं, खाली गोळी बसायला खाच. गोळी ठेवायची, झाकण दाबायचं, कट्! झाले दोन तुकडे. मी साच्यातून बाहेर पडलो तेव्हा शेजारच्या यंत्रावर कंगवे निघत होते. कंगवा घरात येतो तो नटायला. मी येतो तो कुणीतरी आजारी पडल्यावर. असा जन्मजात अपशकुनी मी, गोड बोलणार तरी कसा?

माझे पहिले मालक आप्पा. त्यांची रक्तदाबाची गोळी अर्धी करायला मला औषधाच्या दुकानातून आणलं. म्हातारा व्यवस्थित होता. रोज काम झालं की पात्यावरची भुकटी फुंकर मारून उडवायचा. त्यांच्याशी माझं बरं होतं. ते गेले आणि मी ड्रॉवरमध्ये पडलो, बंद पडलेल्या सेलच्या आणि रबरबँडच्या संगतीत. माणसांचं हे असंच. गरज सरली की ओळख विसरतात.

मग एक दिवस ड्रॉवर उघडला तो ताईने. ही आप्पांची थोरली लेक. दाताच्या दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसते, दिवसभर लोकांना "बसा हं, नंबर आला की बोलावते" म्हणते आणि उरलेला सगळा कडकपणा घरी घेऊन येते. घरात ती आणि तिचा धाकटा भाऊ. हा भाऊ लेथवर, म्हणजे धातू फिरवून कापायच्या यंत्रावर, काम करणारा टर्नर. कारखान्यात त्याला उस्ताद म्हणतात, घरी अजून बाळ्या. बाळ्याने चाळिशी ओलांडली आहे.

उस्तादाने लेथचा जड चक, म्हणजे काम पकडून धरणारा लोखंडी जबडा, एकट्याने उचलला, कारण दुसऱ्याला हाक मारायची त्याला लाज वाटली. पाठ गेली. ऑपरेशन झालं, आणि दुखण्यावर अफूच्या जातीच्या गोळ्या लिहून मिळाल्या. पाठ भरत आली तरी गोळ्या सुटेनात. एक चुकली की अंगाला कापरं भरायचं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलून कापता येईल अशी दिली आणि बजावलं, "मी सांगेन तेवढीच कमी करायची. मनाने एकदम बंद करायची नाही."

हे ऐकून उस्तादाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी काय नशेडी आहे, तुकड्यातुकड्याने सोडवायला?" तो घरी येऊन ओरडला.

"नाहीयेस ना? मग सांगितलं तसं घे आणि गप बस," ताई म्हणाली आणि तिने मला धुऊन पुसून टेबलावर ठेवलं.

रोज सकाळी ती गोळी कापायची, तुकडा बशीत ठेवायची. तो म्हणायचा, "राहू दे तिथे, चहाबरोबर घेतो." ती कामावर गेली की हा पठ्ठ्या तुकडा उचलायचा आणि लेथच्या टूलची जुनी डबी होती, तिच्यात टाकायचा. त्याने ठरवलं होतं, एकदमच बंद. पण तुकडा कचऱ्यात टाकायला हात धजायचा नाही. कारखान्यातली सवय ना! धातूचा उरलेला तुकडा तिथे कुणी फेकत नाही, कधीतरी कामी येतो म्हणून जपून ठेवतात. गाढवाला कोण सांगणार की हा धातू नव्हे?

आणि मग जे व्हायचं ते झालं. नाक गळायला लागलं, डोळ्यांना धार. जांभया अशा की जबडा निखळावा. अंगावर काटा, त्यावर घाम, जुलाबांना खळ नाही. पाय तर असे झाडायचा की पलंग भिंतीवर आपटायचा. ताईला वाटलं ताप आहे. तिने कपाळाला हात लावला तर त्याने तो झटकला.

"गोळी वेळेवर घेतोस ना?"

"घेतो! डोकं खाऊ नकोस. या घरात आजारी माणसाला श्वास घ्यायची सोय नाही."

"श्वास घे, पण जरा हळू आवाजात घे."

अशी त्यांची तोंडं रोज लागायची. मला मजा वाटायची, खोटं कशाला बोलू? आमच्यासारख्यांना दुसरी करमणूक काय असते?

त्या दुपारी मात्र मजा संपली. ताई कामावर होती. उस्ताद कण्हत टेबलाशी आला, त्याने टूलची डबी तळहातावर पालथी केली. केवढा ढीग! माझ्याच पात्याने कापलेला एकेक तुकडा, दहा-बारा दिवसांचा. तो त्या ढिगाकडे बघत राहिला. "सगळे घेतो," तो स्वतःशीच पुटपुटला, "मग झोप लागेल." मला कळत होतं की हे वाईट आहे. किती वाईट ते कळत नव्हतं, आणि ओरडायला माझ्याकडे तोंड कुठे होतं?

पण उस्तादाची खोड उपयोगी पडली. बहिणीला डिवचल्याशिवाय त्याला घास गोड लागत नाही. दुसऱ्या हाताने त्याने फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"तुझे तुकडे मी घेतलेच नाहीत. एकही नाही! सगळे जपून ठेवलेत. आता खातो एकदम, बस बोंबलत."

मला वाटलं आता ही रडणार, गयावया करणार. ताईने काय करावं? तिने भांडण उकरून काढलं.

"खा की. तुला जमतंय काय दुसरं? आप्पांचं घड्याळ कुणी मोडलं ते तरी आज कबूल कर."

"मी नाही मोडलं! तू मोडलंस!"

"मी? मी तेव्हा आजोळी होते. आजोळी! खोटारड्या!"

आणि जुंपली. घड्याळ झालं, मग त्याचं मोडलेलं लग्न झालं, मग आप्पांचा जास्त लाडका कोण. तिच्या आवाजामागे रस्ता ऐकू येत होता, रिक्षावाला ऐकू येत होता, मग जिन्यावरची धाप. ती श्वास तुटला तरी शिव्या थांबवत नव्हती. तोही थांबत नव्हता. मूठ आवळलेली, तोंड उघडं, पण तोंडात फक्त उत्तर. ओरडणाऱ्या माणसाला गिळता येत नाही, हे त्या बाईला बरोबर ठाऊक होतं.

दार उघडलं. फोन कानाला तसाच ठेवून तिने त्याच्या हातावर सणसणीत फटका मारला. तुकडे फरशीभर झाले. मग ती मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडली. तोही तिच्याशेजारी बसला, नाक पुसत. पुसायला तिचाच पदर.

डॉक्टरीणबाई दोघांनाही फाडफाड बोलल्या. इतके दिवस गोळी बंद होती, शरीराची सवय मोडली होती. तो ढीग पोटात गेला असता तर झोप लागली असती आणि श्वास तिथेच थांबला असता. त्यांनी नव्याने सुरुवात करून दिली, आधीपेक्षा कमी आणि आधीपेक्षा सावकाश.

घरी आल्यावर ताई म्हणाली, "लेथवर एकाच फेरीत एवढा खोल कट घेतोस का रे?"

"टूल तुटेल," तो खाली मान घालून म्हणाला.

"मग?"

त्या दिवसापासून तुकडा तो ताईसमोर गिळायला लागला, आणि ती त्याला तोंड उघडून दाखवायला लावायची, लहान मुलासारखं. तो चिडायचा. दाखवायचा. पाय झाडणं एकदम थांबलं नाही. काही दिवस तो नुसता भिंतीशी बसून असायचा, मला शिव्या घालत. मी पण मनातल्या मनात परत दिल्या. तुकडे लहान होत गेले, इतके की माझ्या पात्याखाली भुगा व्हायचा. मग एके सकाळी ताईने मला उघडलंच नाही.

आता मी पुन्हा ड्रॉवरमध्ये आहे. पातं बोथट, झाकणाला तडा. उस्ताद कामावर जातो. पाठ अजून दुखते, कुरकुरतो, चक उचलायला हाक मारतो म्हणे. आज सकाळी दोघं कडाकडा भांडली. पलंगावर टाकलेल्या ओल्या टॉवेलवरून! मी कान देऊन ऐकलं, माझं नाव येतंय का. आलं नाही, गोळीचंही नाही. नुसता टॉवेल, टॉवेल आणि टॉवेल. एवढं सुखाचं भांडण मी या घरात पहिल्यांदा ऐकलं.

तुम्ही मात्र माझ्याकडे यायची वेळ आणू नका. माझं थोबाड बघण्यात काही पुण्य नाही. यावंच लागलं, तर एकटे येऊ नका. भांडायला एखादं माणूस बरोबर घेऊन या.