दुधावर आलेला पाय

मित्रांनो, मी एक जुना पाय आहे. दचकू नका! कोल्हापुरातल्या एका लहानशा कारखान्यात घडलेला, नेसरीच्या बनाबाईंचा मी कृत्रिम पाय.

उसाच्या ट्रॉलीखाली बनाबाईंचा पाय मांडीपासून गेला. शिबिरात फुकट मिळालेला पहिला पाय ताठ होता. चालायला ठीक, पण धारेला बसायचं कसं? त्यात त्यांची म्हैस पडली मानी. दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हाच सोडीना. घर त्याच दुधावर चालायचं आणि आता म्हैस विकायची पाळी आली. गुडघ्यात दुमडणारा पाय महाग, तो आणायचा कुठून?

तेव्हा शेजारच्या सोनूबाईंनी दूध संस्थेत जाऊन माप घेणाऱ्या पोरापुढे किटली आदळली. "आज सांजचं माझं दूध बनाच्या नावावर घाल रं!"

रांगेतल्या मागच्या बाईनं तेच सांगितलं. "उद्याबी घालूया की!" रांगेच्या टोकाचे गणपतराव गरजले. पुढे कितीतरी दिवस गावाचं सांजचं दूध बनाबाईंच्या नावावर पडलं आणि त्यातून मी आलो. त्या गावाचा मला आजही अभिमान वाटतो.

मी नवाकोरा, चकचकीत. तोऱ्यात गोठ्यात शिरलो आणि म्हशीनं लाथ झाडली! माझ्या नव्या वासाला ती बुजली होती. बनाबाईंनी मला चक्क शेणानं सारवलं. माझा रुबाब पार उतरला. पण म्हशीनं मला हुंगलं आणि पान्हा सोडला. तिच्या पोटाला कपाळ टेकून बनाबाई रडल्या. मला धन्य वाटलं.

वर्षं गेली. माझा गुडघा झिजला, मध्येच अडकू लागला. "गावानं एकदा दिलं. परत कुठल्या तोंडानं मागू?" म्हणत बनाबाईंनी मला खुंटीला टांगलं. पुन्हा म्हैस विकायची बोलणी सुरू झाली. मी रिकाम्या बादलीकडे बघत झुरायचो.

एकदा सोनूबाईंनी मला तिथं पाहिलं आणि त्या भडकल्याच. "म्हशीला एकदाच वैरण घालून भागतंय व्हय गं? ह्यो पायबी तसाच हाय की!" मला काखोटीला मारून त्यांनी तडक कोल्हापूरची एस.टी. धरली. नवा गुडघा बसवूनच परतल्या.

मित्रांनो, आम्हाला घेऊन देणाऱ्यांचे फोटो निघतात, पण आमच्या झिजलेल्या स्क्रूची आठवण कुणाला राहत नाही. तुम्ही ठेवा. तेव्हापासून नेसरीत महिन्यातल्या एका सांजेचं दूध अशा दुरुस्तीसाठी जातं. परवा त्यातूनच गावातल्या सम्राटच्या चाकाच्या खुर्चीचं चाक बदललं. त्या सांजेला रांगेत सगळ्यांच्या पुढे, भरली किटली घेऊन, बनाबाई उभ्या असतात. माझ्यावर भार टाकून.