मेमरी कमी आहे

"मेमरी कमी आहे," हॉगेन सरांनी पडद्यावरचं मोठ्यानं वाचलं आणि हसले. "माझंच वर्णन केलंय की!"

ते हसणं मला मुळीच आवडलं नाही.

अमेरिकेतल्या डुलुथच्या सरोवर प्रयोगशाळेत मशीनं सांभाळायचं काम माझं. सर सरोवरावरच्या बर्फाचं गणित मांडतात. इतकी वर्षं अर्धं अर्धं सरोवर घ्यायचे. यंदा पहिल्यांदाच अख्खं घेतलं, तर प्रोग्रॅम सुरूच होईना. त्यात हल्ली त्यांना नावं आठवत नाहीत. मला ते अल्मा म्हणतात. अल्मा माझ्या आधी इथे होती. मी दरवेळी चिडून सांगते, "सर, मी कर्स्टी."

आज प्रोग्रॅम चालला नाही तर खोलीची किल्ली देऊन घरी बसायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांना न्यायला आलेली मरिट, त्यांची बायको, कोट न काढताच कोपऱ्यात बसली होती.

"मशीनमध्ये मेमरी रग्गड आहे, सर," मी म्हटलं आणि माझ्या नावानं लॉगिन करून तोच प्रोग्रॅम चालवला. मुकाट सुरू झाला. त्यांच्या नावानं चालवला, तर पुन्हा तेच रडगाणं.

"बघ, तुझ्याकडे चालतो," सर म्हणाले. "म्हणजे बिघाड माझ्यातच."

कुठून ही बुद्धी सुचली मला, असं झालं. लॉगिन करताना मशीन प्रत्येकाची एक छोटी फाइल वाचतं, ती मी उघडली. मशीनं बदलत गेली तरी सरांची फाइल मागोमाग येत राहिली होती. तिच्यात एक ओळ सापडली: या माणसाच्या प्रोग्रॅमला अमुकपेक्षा जास्त मेमरी देऊ नये.

"हे कुठल्या शहाण्यानं घातलंय?" मी भडकले.

सर वाकून बघत राहिले. "मी," ते सावकाश म्हणाले. "मरिट प्रबंध लिहीत होती तेव्हा. आम्हा सगळ्यांत मिळून एकच मशीन. माझा प्रोग्रॅम सगळी मेमरी गिळायचा आणि हिची माशांची गणितं मध्येच बंद पडायची. मग ही जिन्यात बसून रडायची, लाल टोपी डोळ्यांवर ओढून. म्हणून मी स्वतःलाच हद्द घातली."

मरिट उठून उभी राहिली. "म्हणून तू अर्धंच सरोवर घ्यायला लागलास? आणि मी चारचौघांत तुला आळशी म्हणत होते!"

"ऐकायचो की."

"आणि गप्प बसलास? वेडा कुठला!" तिला रुमाल सापडेना. मी माझा दिला.

ती ओळ पुसावी लागत नाही. तिच्या सुरुवातीला एक खूण केली की मशीन ती वाचत नाही. सरांनी स्वतः खूण केली, पुन्हा लॉगिन केलं. पडद्यावर आकडे धावू लागले. तेव्हा कुठे मरिटनं कोट काढला.

"अल्मा, चाललं गं!" सर ओरडले.

मी ओ दिली.