आडवं वल्हं

ब्रह्मपुरीहून आणलेल्या माइकपुढे उभं राहताना मंत्र्यांनी आधी पायातले बूट काढले, तसा सगळा मांडव गहिवरला. सरपंच सुगंधाबाई बाजूच्याच खुर्चीवर बसली होती. हातात ग्रामसेवकाने लिहून दिलेला आभाराचा कागद होता.

डोंगा उलटून बुडालेल्या तिघींची नावं मंत्र्यांनी न अडखळता घेतली. हे दुःख एका गावाचं नाही, साऱ्या महाराष्ट्राचं आहे, म्हणाले. माणूस बोलण्यात मोठा पक्का! बुडालेल्या रोशनीची आई गिरजाबाई पंधरा दिवसांत पहिल्यांदा मोकळी रडली. खोटं कशाला बोला, सुगंधाबाईलाही उरावरचा धोंडा उतरल्यासारखं झालं.

मग त्यांनी आवाज चढवला.

"ज्याच्या हलगर्जीपणामुळे या माउल्या गेल्या, त्याला आम्ही सोडणार नाही."

टाळ्या पडल्या आणि सगळ्यांच्या माना मांडवाच्या खांबाशी बसलेल्या नथ्थूकडे वळल्या. डोंगा त्याचा. त्याने मान वर केली नाही.

नथ्थूची एक रीत होती. सात जणी बसल्या की तो वल्हं आडवं धरी. मग कितीही घाई असो, कोणी डोंग्यात पाय टाकत नसे. त्या सकाळी नदी फुगलेली, पलीकडच्या बांध्यांमध्ये भाताची रोवणी खोळंबलेली, आणि रोशनी उशिरा धावत आली. काठावर उभ्या सुगंधाबाईनेच हाताने वल्हं बाजूला सारलं. एकीनं काय होते, म्हणाली. वाचलेल्या पाच जणींनी ते पाहिलं होतं. पण सरपंचाच्या तोंडी कोण लागणार? नथ्थूही बोलला नव्हता.

ती आभाराला उठली. कागद वाचला की सुटली. तिने तो घडी करून कमरेला खोचला.

"साहेब, तुमच्या शब्दानं लई धीर आला," ती म्हणाली. "पन नथ्थूभाऊनं वल्हं आडवं धरलं होतं. ते म्या सारलं. रोशनीले म्या बसवलं."

मंत्र्यांनी घड्याळ पाहिलं.

"रोवणीबिना भाताचे परे पिवळे पडून राह्यले. उद्या नथ्थूभाऊ डोंगा काढन. पयल्या खेपेले मी बसन. मंग ठाण्यात जाऊन हेच सांगन."

गिरजाबाई उठली आणि तिच्याकडे न बघता घरी गेली.

सकाळी नथ्थू डोंग्यातलं पाणी उपसत होता. कोणी येणार नाही, असंच सुगंधाबाईला वाटलं. तेवढ्यात एक आली, मागून दोघी आल्या. सगळ्या बसेपर्यंत ती गुडघाभर पाण्यात डोंगा धरून उभी राहिली. सातवी गिरजाबाई होती. ती जागा करून बसली.

सुगंधाबाईने लुगडं खोचून पाय उचलला. नथ्थूने तिच्यापुढे वल्हं आडवं धरलं. त्याची नजर सरळ होती.

"भरला, बाई."

तिने पाय मागे घेतला. दोन्ही हातांनी डोंगा लोटून दिला आणि ओल्या लुगड्यानेच ठाण्याच्या रस्त्याला लागली.